अर्थिंगला खारं पाणी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून धीटपणाची अपेक्षा ठेवायला नको. कुत्री, साप, अंधार यांना मी फारशी जुमानत नाही. माझी भीती एकच, विजेची. सातपाटीला माझ्या माहेरी, मी चौथीत असताना, खांबाच्या ताणाच्या तारेला अंग घासणारी एक म्हैस माझ्या डोळ्यांदेखत उभ्याची आडवी झाली. पावसाचे दिवस होते. कुणी जवळ जाईना आणि तिच्या उघड्या डोळ्यांवर पाऊस पडत राहिला. तेव्हापासून स्विच दाबण्याआधी मी हात पुसते, घरात रबरी चपलेशिवाय वावरत नाही आणि ढग वाजले की टीव्हीची पिन काढून ठेवते.

लग्न होऊन नवापूरला आले तेव्हा नवऱ्याने पहिल्या आठवड्यातच हे ओळखलं. तो बोटीवर असतो. चार-सहा दिवस समुद्रात, दोन दिवस घरी. "आमची बायको पंखा पन लाकडाच्या चमच्यानं लावंल," असं त्याने आळीभर करून टाकलं. त्या थट्टेचा मला राग येत नसे, कारण घरात सगळे मला जपूनही असत. फ्यूज गेला की मला लांब उभं करत. कुठे वायर उघडी पडली असेल तर मला कळायच्या आत तिला चिकटपट्टी लागलेली असे. मला ते प्रेम वाटायचं, आणि होतंही ते प्रेमच.

सासूला मी आई म्हणते. आमचं घर स्लॅबचं, आणि मागे वीस-बावीस पावलांवर लोखंडी खांबांवर उभी असलेली पत्र्याची शेड. ती शेड म्हणजे आईंचं राज्य. तिथे मिठाचे टब, सुऱ्या, टोपल्या आणि एका अंगाला डीप फ्रीझर. बोटीवरून आलेली मुशी, सुरमई, घोळ आई तिथेच साफ करतात. थोडी मिठात घालतात, थोडी फ्रीझरमध्ये ठेवतात आणि आठवड्यातून दोनदा बोईसरच्या बाजारात नेऊन विकतात. शेडमधला कोबा सुकलेला मी कधी पाहिला नाही. आणि आईंचा एक नियम आहे: मासळीत चप्पल घालून जायचं नाही. मासळी म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे पाय उघडे. मी शेडच्या दाराबाहेर चपलेसकट उभी राहून बोलायचे. चप्पल काढून ओल्यात पाय ठेवायची माझी छाती नव्हती, आणि चप्पल घालून आत जायची तर त्याहून नव्हती.

फ्रीझर आला तेव्हा वाणगावचा एक वायरमन येऊन सगळं काम करून गेला. त्याने घरातल्या बोर्डापासून शेडपर्यंत तीन तारांची केबल ओढली. दोन तारा करंटच्या, तिसरी हिरवी, अर्थिंगची. घराच्या मागच्या भिंतीशी त्याने खड्डा खणला, त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाइपच्या तोंडाला नरसाळं बसवलं आणि पाइपला जोडलेली लोखंडी पट्टी वर घरात नेली. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप, शेडमधला फ्रीझर, सगळ्यांच्या हिरव्या तारा त्या एका पट्टीला येऊन मिळाल्या. जाताना तो आईंना म्हणाला, "मावशी, उन्हाळ्यात याला पानी घालत जा. सुकला तर काम नाय करनार. अर्थिंगला मीट आन ओल लागते."

आईंनी ते मनावर घेतलं. मिठाच्या टबातलं पाणी रोज दुपारी टाकावं लागतं. आधी ते मागच्या गटारात जायचं. आता आई ते बादलीत भरून नरसाळ्यात ओतू लागल्या. मीठही आलं आणि ओलही आली, दोन्ही एका बादलीत. उन्हाळा असो की पावसाळा, त्यांचा एक दिवस चुकला नाही. दसऱ्याला बोटीला, सुऱ्यांना, तराजूला फूल वाहायचं तेव्हा नरसाळ्यावरही एक झेंडू ठेवला जायचा. शेजारणींना त्या तोऱ्यात सांगत, "आमच्यासारकी अर्थिंग गावात कोनाची नाय." हे ऐकून सगळ्यात जास्त निर्धास्त कोण होत असेल तर मी.

आता माझी अक्कल बघा. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्याचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. पाण्यात मीठ किती उतरलंय ते मी काढून देते, कारण ते वाढलं तर चांगल्या स्टीलच्या टाक्यांनाही भोकं पडतात. हे मी नव्या मुलींना शिकवतेसुद्धा. आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा पिताना मी आईंना त्या लोखंडी पाइपवर खारं पाणी ओतताना बघायचे. दोन गोष्टींची सांगड माझ्या डोक्यात एकदाही बसली नाही. कारखान्यातलं डोकं मी बहुतेक गेटवरच ठेवून येत असणार.

कारखान्याची बस नाक्यावर पावणेसातला येते, म्हणजे आंघोळ सहाला. तेव्हा चुलीवर पाणी तापवायचं तर आईंनी पाचला उठायचं, ते मला नको होतं. म्हणून गिझर बसवला. विजेला भिणाऱ्या बाईला गिझर कशाला, असं नवऱ्याने विचारलंच. मी म्हटलं, भीती माझी आणि कंबर आईंची, कंबर आधी. पाण्याचे पाइप प्लास्टिकचे, नळही प्लास्टिकचा, तेव्हा मी मनाची समजूत घातली.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात मी गिझर लावला की मिनिटभरात खट्ट आवाज यायचा आणि घरातले सगळे दिवे जायचे. बोर्डात वायरमनने एक वेगळा स्विच लावला होता. करंट कुठे गळायला लागला की तो आपोआप पडतो. आम्ही त्याला ट्रिपर म्हणायचो. त्या खटक्याची मला इतकी धास्ती बसली की गिझरचं बटण दाबून मी कानांत बोटं घालून उभी राहायचे. दोनदा बस चुकली. मी वायरमनला फोन करून सांगितलं, "काय पन करा, पन तो सकालचा पडता नाय कामा." तो आला, इकडेतिकडे बघितलं. "पावसाल्यात ओल धरते वैनी. आता डायरेक करून देतो. पाऊस गेला का परत लावू," असं म्हणून त्याने ट्रिपर बाजूला काढला.

पाऊस गेला. खटका थांबला याचाच मला एवढा आनंद होता की ट्रिपर परत लावायचं मी कुणाला बोलले नाही. जी वस्तू मला वाचवण्यासाठी ओरडत होती, तिच्या ओरडण्यालाच मी घाबरत होते.

दिवाळीनंतर एके संध्याकाळी मी कामावरून आले तर आई भाकरी थापताना सहज म्हणाल्या, "आज फ्रीझर चावला गो."

"चावला म्हंजे?"

"सकाली हँडल धरलं तर हाताला झिनझिन आली. कोपरापर्यंत."

 मी तडक उठून घरातूनच शेडचा स्विच बंद केला आणि आईंना सांगितलं की आता कुणी तिकडे पाऊल टाकायचं नाही. फ्रीझरमध्ये मासळी भरलेली होती. आई समजावत होत्या, मी ऐकत नव्हते. जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या हातून काचेचं भांडं फुटलं. आईंनी शेजाऱ्यांकडून बर्फ आणला, तरी निम्मी मासळी टाकावी लागली. टोपल्या धुताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रविवारी अकरा वाजता वायरमन आला. त्याने टेस्टर फ्रीझरला लावला, दाराला लावला, खांबाला लावला. टेस्टरमधला दिवा कुठेच पेटला नाही. "मावशीचा हात बर्फानं बदिर झाला असंल," तो म्हणाला. आठवडाभराने आईही म्हणाल्या, "थांबलं गो ते. आता नाय चावत." पुढे कितीतरी दिवस मी रोज विचारत राहिले, आणि रोज तेच उत्तर आलं. मग मीही विचारायचं सोडलं.

सहा महिने गेले. मग वैशाखातली ती सकाळ आली.

मी आंघोळ करून बाहेर आले होते. घड्याळात सहा वीस. ओला टॉवेल वाळत घालायला मागचं दार उघडलं. शेडमध्ये बल्ब लागलेला होता आणि आई फ्रीझरसमोर उभ्या होत्या. उजवा हात हँडलवर. मी हाक मारली, "आई, डबा भरला काय?" त्या वळल्या नाहीत. मला त्यांची अर्धी बाजू दिसत होती. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. खांदे वर चढलेले, मान ताठ, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं.

मला तत्क्षणी कळलं, आणि माझे पाय जमिनीला खिळले. हे कबूल करायला हवं. किती वेळ ते सांगता येत नाही; एक श्वास असेल, दोन असतील. माझ्या डोळ्यांसमोर ती म्हैस होती. त्यांना धरून ओढावं असं अंगातली प्रत्येक नस सांगत होती, आणि कारखान्यात दर वर्षी शिकवतात ते एकच वाक्य डोक्यात आपटत होतं की हात लावू नकोस, आधी मेन बंद कर. मेन पुढच्या दाराजवळ. म्हणजे आईंकडे पाठ करून घरात पळायचं. मी पळाले. स्वयंपाकघर, मधली खोली, ओटीवरची खुर्ची पाडली, मेनचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. घर गप्प झालं, फ्रिजची घरघर थांबली. तेवढ्यात मागून पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला.

परत जाताना मला वाटत होतं की मी आता मेलेल्या माणसाकडे चालले आहे. आई मिठाच्या टबाशेजारी पडल्या होत्या. पहिल्यांदाच मी त्या शेडमध्ये चपलेसकट गेले. त्यांनी डोळे उघडले, माझ्या पायांकडे बघितलं आणि पुटपुटल्या, "चप्पल, गो." मी तिथेच ओल्यात बसून मोठ्याने रडायला लागले.

बोईसरच्या दवाखान्यात दुपारपर्यंत ठेवून घेतलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक आली. तळहात भाजला होता, त्याला मलमपट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांना इथे आणायचं कारण उरलं नसतं. ते त्यांनी सौम्यपणे सांगितलं. नवरा समुद्रात होता, त्याचा फोन लागत नव्हता. वायरमनने दुसऱ्या दिवशी दुपारी येतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. घरातली वीज सुरू केली होती, पण गिझरला मी हात लावला नव्हता, आणि शेडकडे तर बघतही नव्हते. आईंना मात्र चैन पडेना. फ्रीझरमध्ये पुढच्या बाजाराची मासळी होती. "एकदा बग तरी काय झालंय," त्या सारख्या म्हणत होत्या. शेवटी मी टेस्टर घेतला, प्लास्टिकचं स्टूल घेतलं, चपला घातल्या (आईंनी या वेळी डोळे मिटून घेतले) आणि शेडमध्ये जाऊन स्टुलावर उभी राहिले. टेस्टरचं टोक हँडलला लावायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. दिवा पेटला नाही. परत लावला. नाहीच.

"काय नाय दिसत, आई!" मी ओरडले.

"असं नाय दिसायचं," मागच्या दारातून त्या म्हणाल्या. "थांब. मी तुजा गिझर लावते."

आणि त्या आत गेल्या. मी टेस्टर हँडलपासून लांब धरून उभी होते.  आतून आवाज आला, "लावला गो!"

मी टोक टेकवलं. टेस्टरमध्ये लाल दिवा लागला.

"बंद करा!"

दिवा विझला.

"परत लावा!"

परत लाल. मग मला एक सुचलं. मी फ्रीझरचा स्विच बंद केला. आतली घरघर थांबली, फ्रीझर मेल्यासारखा गप्प झाला. हँडलला टेस्टर लावला. दिवा तसाच लाल. म्हणजे बंद असलेल्या फ्रीझरच्या अंगात करंट होता, आणि तो वीस पावलांवरच्या माझ्या आंघोळीच्या पाण्यातून येत होता. मी स्टुलावरून उतरले नाही. आईंनी गिझर बंद केला असं तीनदा सांगितल्यावरच खाली पाय टाकला.

दुपारी वायरमन आला. मी सांगितलं तसं त्याने लावून बघितलं, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. तो सरळ अर्थिंगच्या खड्ड्याशी गेला. कुदळीचे चार घाव घातले, माती हाताने बाजूला केली आणि पट्टीला धरून वर ओढलं. पट्टी ओल्या पापडासारखी तुटून त्याच्या हातात आली. खाली पाइपच्या जागी लाल गंजाचा चिखल होता. वर दिसणारं नरसाळं आणि वीतभर पाइप तेवढा शाबूत होता, त्याच्याखाली काही नव्हतं.

"हिला खारं पानी घालत व्हता काय?" त्याने विचारलं.

"रोज," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजूनही अभिमान होता. "एक दिस चुकवलं नाय."

वायरमनने तुटकी पट्टी खाली ठेवली. मग त्याने समजावून सांगितलं. मीठ लागतं ते खड्डा भरताना, एकदाच. पुढे साधं पाणी. रोज वरून खारं पाणी पडलं तर लोखंड किती दिवस टिकणार. मी त्याच्या शेजारी उभी होते, पाण्यातल्या मिठाचा हिशेब करणारी बाई, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटत होतं.

"पन गिझर घरात, फ्रीझर हिकडं," आईंनी विचारलं. "मग हिकडं कसा आला?"

त्याने मोरीचं उदाहरण दिलं. ते मी अजून विसरले नाही. घरातल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी एकाच पाइपातून बाहेर जातं. त्या पाइपचं बाहेरचं तोंड तुंबलं तर न्हाणीत ओतलेलं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीतून वर येतं. हिरवी तार तशीच. कुठल्या यंत्रातून करंट गळला तर तिच्यातून जमिनीत जायचा आणि फ्यूज उडायचा. जमिनीतलं टोकच कुजलं, तर एका यंत्रातला गळका करंट त्याच तारेने बाकी सगळ्यांच्या अंगावर जातो. गिझरची कॉइल फुटली होती. मी गिझर लावला की घरातला फ्रिज, मिक्सर, पंप सगळ्यांच्या अंगात करंट येत होता.

"मग आमाला घरात कसं काय झालं नाय?" मी विचारलं.

"न्हानीत नल-पाइप प्लास्टिकचे, आन बाकी घरात तुमी चपला घालून सुक्या लादीवर, वैनी. मावशी उगड्या पायांनी ओल्यात." त्याने शेडकडे बोट दाखवलं. "घरची हिरवी वायर आपन शेडमधी आनली, तिच्याबरोबर घरातला बिगाड पन शेडमधी आला. आन जमीन मात्र हितली हितंच रायली. मधी मावशी."

आईंनी पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरला. "म्हंजे मीच केलं काय हे?" त्या म्हणाल्या. "माज्याच हातानं?"

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "नाय आई. तो ट्रिपर असता तर पाइप कुजला तरी तुमी वाचला असता. तो मी काडायला लावला. मला त्याच्या आवाजाची भीती वाटत व्हती." वायरमन म्हणाला, काढणारा मी नव्हतो म्हणायला मला तोंड नाही, परत लावायला पण मीच विसरलो.  त्यानंतर कुणी कुणाला दोष दिला नाही, पण माझ्या मनातला गेला नाही आणि जाऊही नये.

पुढचे दोन दिवस काम चाललं. नवा खड्डा भिंतीपासून लांब, त्यात तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, जोड वरून बघता येईल असं सिमेंटचं झाकण. ट्रिपर परत बसला आणि शेडसाठी वेगळा दुसरा. शेडपाशीही एक रॉड ठोकला आणि फ्रीझरचं अंग, लोखंडी खांब, पत्र्याचं दार, सगळं एका जाड हिरव्या तारेने एकमेकांना बांधून टाकलं. एका हाताने फ्रीझर आणि दुसऱ्या हाताने खांब धरला तरी दोन्हींत फरकच राहता कामा नये, म्हणजे करंटला माणसातून जायचं कारण उरत नाही, असं वायरमन म्हणाला. तेव्हा मला कारखान्यात रसायन ओतताना ठिणगी पडू नये म्हणून पिंपं एकमेकांना जोडायला लावायचे तांब्याचे चिमटे आठवले. इतकी वर्षं ते लावताना मी बहुतेक बसचा विचार करत होते. गिझर काढून अंगणात ठेवला. शेडमध्ये रबरी मॅट टाकली. चपलेचा नियम आईंनी सोडला नाही, पण मॅटवर उभ्या राहायला कबूल झाल्या.

आईंचा उजवा हात बांधलेला, म्हणून त्या दिवसांत त्यांची वेणी मी घालायचे. काम संपलं त्या संध्याकाळी त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या, मी वरच्या पायरीवर. केस विंचरता विंचरता माझ्या डोक्यात एकदम काहीतरी अडकलं. असं नाय दिसायचं, थांब, मी तुजा गिझर लावते. वायरमनला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. मी कंगवा थांबवला.

"आई, गिझर लावला का दिसंल हे तुमाला कसं ठावं?"

त्या हाताची पट्टी सारखी करू लागल्या. मी परत विचारलं.

"ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तू न्हायला बसलीस का चावायचा. आदी समाजलं नाय, मग समाजलं. तुजी बादली वाजायला लागली का मी हात लावत नव्हते. थांबून रायचे. बादली थांबली का मग उगडायचे."

त्या दिवशीही बादली थांबली होती. मी बाहेर आले होते आणि गिझर बंद करायला विसरले होते.

"सहा महिने?" मी म्हटलं. "सहा महिने ठावं व्हतं आन मला बोलला नाय?"

"पयल्यांदा बोलले तवा तू दोन दिस जेवली नाय," आई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. "म्हटलं, जाऊ दे. पोर उगाच घाबरंल."

त्यांचे केस माझ्या मुठीत तसेच राहिले. मी घाबरू नये म्हणून ती बाई सहा महिने रोज सकाळी उघड्या पायांनी ओल्यात उभी राहून माझी आंघोळ संपायची वाट बघत होती.